जुन्या अमेरिकन गाडीचे डिस्क ब्रेक पार्ट: मागवण्याआधी ओळखायचे कसे

सगळ्यात आधी एकच सांगतो, गाडीचं नाव आणि साल सांगून ब्रेकचा पार्ट मागवू नका. अमेरिकेतल्या कॅटलॉगमध्ये तुम्ही "१९६४ इम्पाला" टाकलं की तो धरून चालतो की गाडी फॅक्टरीतून निघाली तशीच आहे, आणि आपल्याकडे गोव्यात तशी गाडी क्वचितच सापडते. पन्नास-साठ वर्षांत कुणी पुढचा सस्पेन्शन बदललेला असतो, कुणी जीपचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) बसवलेला असतो, कुणी पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलेलं असतं, आणि हे सगळं करणारा मेकॅनिक आता हयात असेलच असं नाही. आरसी बुकात जे लिहिलंय ते गाडीचं नाव, ब्रेकचं नाव नव्हे.

त्यात आपल्याकडच्या बऱ्याचशा जुन्या अमेरिकन गाड्या मुळात डिस्कवाल्या नाहीतच. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सची गाड्या जोडायची फॅक्टरी १९५४ पर्यंत चालली, कुर्ल्याला प्रीमियरवाले डॉज आणि प्लिमथ जोडायचे, त्या सगळ्या चारही चाकांना ड्रम. १९६४ ची इम्पालासुद्धा ड्रमच. म्हणजे अशा गाडीला आज पुढे डिस्क दिसत असेल तर ती नंतर कुणीतरी बसवलेली आहे, आणि ती कुठल्या गाडीची आहे हे तुम्हालाच शोधून काढायचंय. फॅक्टरीतून डिस्क घेऊन आलेल्या गाड्या म्हणजे १९६५ पासूनची कॉर्वेट, तिला चारही चाकांना डिस्क, १९६५ पासून मस्टँगला पुढच्या चाकांना ऑप्शन म्हणून, १९६७ पासून कॅमारोला तसंच, आणि डॉज डार्ट, प्लिमथ बॅराकुडा वगैरे.

डिस्क कशाला हवी हे चोर्ला किंवा अनमोड घाट उतरणाऱ्याला सांगायला नको. दीड टनाच्या वरची गाडी, ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही, आणि जुलैत पाणी साचलेल्या रस्त्यातून गेलात की ड्रममध्ये शिरलेलं पाणी लवकर सुकत नाही. डिस्क उघडी असल्यामुळे पाणी फेकून देते. पण चुकीचे पार्ट जोडून केलेली डिस्क चांगल्या ड्रमपेक्षा जास्त धोक्याची आहे, म्हणून ओळखण्याचं काम मन लावून करा.

गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, चाक काढा आणि आधी सगळं धुऊन घ्या. धुताना एअर कॉम्प्रेसरने फुंकर मारू नका, जुन्या पॅडच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं. ओल्या कपड्याने पुसा, नाहीतर ब्रेक क्लीनर मारा. मग व्हर्नियर, आटे मोजायचा गेज (इंची आणि मेट्रिक दोन्ही), तारेचा ब्रश, खडू आणि मोबाईल एवढं जवळ ठेवा. प्रत्येक फोटोत पट्टी दिसली पाहिजे, नाहीतर त्या फोटोचा नंतर उपयोग होत नाही.

पहिला प्रश्न, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) फिक्स आहे की सरकणारा? रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या डिस्कच्या, दोन्ही बाजूंना पिस्टन असतील आणि कॅलिपर बोल्टने घट्ट बसलेला असेल तर तो फिक्स. एकाच बाजूला, आतल्या बाजूला, एक मोठा पिस्टन असेल आणि हाताने ढकलल्यावर कॅलिपर पिनांवर किंवा खाचेत सरकत असेल तर तो फ्लोटिंग. नुसत्या एवढ्यावरूनच साल बरंचसं कळतं. जनरल मोटर्सच्या शेव्हरले कंपनीच्या कॅमारो आणि शेव्हेलला १९६७-६८ मध्ये चार पिस्टनचा फिक्स कॅलिपर होता, १९६९ पासून एक पिस्टनचा. मस्टँगला १९६५ ते ६७ केल्सी-हेज कंपनीचा चार पिस्टनचा, १९६८ पासून एक पिस्टनचा. डार्टच्या घराण्यात चार पिस्टनचा १९७२ पर्यंत टिकला. कॉर्वेटने मात्र तोच डेल्को मोरेन कंपनीचा चार पिस्टनचा १९८२ पर्यंत चालवला, त्यामुळे कॉर्वेटवाल्याला पार्ट मिळणं त्यातल्या त्यात सोपं.

आता नंबर. ब्रशने घासून कॅलिपर, स्पिंडल (ज्या दांड्यावर चाक फिरतं तो) आणि ब्रॅकेटवर उठावाचे आकडे शोधा, ओलं करून टॉर्च तिरकी धरली की बरोबर दिसतात, खडू घासला तर आणखी उठून दिसतात. जनरल मोटर्सच्या ओतीव भागावर कास्टिंग नंबरशिवाय तारीखही असते, आधी महिन्याचं इंग्रजी अक्षर, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. "सी १२ ९" असेल तर १२ मार्च, साल ९ ने संपणारं, म्हणजे १९६९ किंवा १९७९, कुठलं ते कॅलिपरच्या प्रकारावरून ठरवायचं. फोर्डचं तर त्याहून सोपं. "सी५झेडए" अशी सुरुवात असेल तर सी म्हणजे साठचं दशक, ५ म्हणजे १९६५, झेड म्हणजे मस्टँग आणि ए म्हणजे चासीचा विभाग. डी० असेल तर १९७०. हा नंबर तो भाग कधी डिझाइन झाला ते सांगतो, तो नंतरच्या दोन-चार वर्षांच्या गाडीवरही असू शकतो, त्यामुळे १९६७ च्या गाडीवर १९६५ चा नंबर दिसला म्हणून लगेच भेसळ समजू नका. गाडी जनरल मोटर्सची असेल आणि तिचे मूळ कागद हाताशी असतील तर त्यात जे५२ किंवा जेएल२ हे ऑप्शन कोड शोधा, ते पुढच्या डिस्क ब्रेकचे कोड. कागद असले तरी लोखंड काय म्हणतंय तेच खरं मानायचं.

स्टडचं, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर आवळतात त्या बोल्टांचं, वर्तुळ मोजताना खूप घोळ होतो. पाच स्टड असले की समोरासमोर स्टड नसतात, म्हणून अंदाजाने पट्टी धरून मोजलेलं माप चुकतं. दोन शेजारच्या स्टडमधलं अंतर घ्या, एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत, म्हणजे मध्यापासून मध्याचं अंतर आपोआप मिळतं, आणि त्याला ०.५८८ ने भागा. शेजारचं अंतर ७१ एमएमच्या आसपास आलं तर वर्तुळ ४.७५ इंच, म्हणजे साठच्या दशकातली शेव्हरले. ६७ च्या आसपास आलं तर ४.५ इंच, फोर्ड किंवा मोठी क्रायस्लर. ६० च्या जवळ आलं तर ४ इंच, ही जुनी छोटी डार्ट-बॅराकुडा. ७४.६ आलं तर ५ इंच, सत्तरच्या दशकातली मोठी शेव्हरले. ८२ आलं तर ५.५ इंच, जीप. आणि इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, ४.७५ इंच म्हणजे १२०.६५ एमएम, आणि बीएमडब्ल्यूचं माप १२० एमएम. हाताने ढकलून चाक बसतं, नट आवळले जातात, पण स्टड कायम वाकलेल्या अवस्थेत राहतो आणि एक दिवस तुटतो. "बसतंय ना पात्रांव" म्हणून कुणी बसवून दिलं तरी घेऊ नका.

क्रायस्लरच्या गाड्यांना, म्हणजे आपल्याकडच्या डॉज, प्लिमथ, डिसोटोलाही, डाव्या बाजूच्या चाकांना १९७० च्या आसपासपर्यंत उलटे आटे असायचे. स्टडच्या टोकावर एल कोरलेलं दिसतं. टायरवाला न बघता न्यूमॅटिक गन लावतो आणि स्टड तोडतो. डिस्क बसवताना नवीन हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) सुलटे आटे आले असतील तर डाव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकाचे नट वेगवेगळे राहतील, ते डब्यात चिठ्ठी लावून ठेवा.

आता स्पिंडल, म्हणजे ज्याच्यावर हब फिरतो तो दांडा. माझ्या मते सगळ्या कामात हाच भाग खरा आधार आहे, कारण कॅलिपर, रोटर, पॅड सगळं त्याच्यावरूनच ठरतं, आणि नेमका हाच भाग कुणी मोजत नाही. जुन्या अमेरिकन गाडीत पुढचा रोटर आणि हब बहुतेक वेळा एकच तुकडा असतो, आत दोन टेपर बेअरिंग, बाहेरचं लहान आणि आतलं मोठं. बेअरिंग काढून पुसलं की त्याच्यावर टिमकेन कंपनीचा नंबर कोरलेला असतो. एलएम११९४९ असेल तर दांडा तिथे पाऊण इंचाचा, १९.०५ एमएम. एलएम६७०४८ असेल तर ३१.७५ एमएम. एल६८१४९ असेल तर ३५ एमएमला जेमतेम कमी. हे नंबर जगभर तेच आहेत, मडगाव, म्हापसा किंवा फोंड्याच्या कुठल्याही बऱ्या बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगितला की तो माणूस गाडीचं नावही विचारत नाही. म्हणून रोटर मागवताना कॅटलॉगमध्ये त्या रोटरसोबत कुठले बेअरिंग जातात ते बघा आणि तुमच्या दांड्यावरच्या नंबरशी जुळवा, दोन्ही जुळले तर अर्धं काम झालं.

शेव्हेल १९६९ ते ७२, कॅमारो १९६९ आणि नोव्हा १९७४ पर्यंत, यांचे एक पिस्टनवाले डिस्क स्पिंडल एकमेकांना चालतात, म्हणून नवीन किट बनवणारे ह्याच घराण्याची नक्कल करतात. पण १९६९ ची कॅमारो आणि १९७० ची कॅमारो कॅटलॉगमध्ये शेजारी दिसत असल्या तरी १९७० ला पूर्ण नवीन बांधणी आली, स्पिंडल वेगळा, स्टिअरिंगचे दांडे चाकांच्या पुढे गेले. एका वर्षाच्या फरकाने इतकं बदलतं. डार्टमध्येही १९७३ ला तसंच झालं, कॅलिपर एक पिस्टनचा झाला आणि स्टडचं वर्तुळ ४ वरून ४.५ इंचावर गेलं, म्हणजे मागच्या चाकांचाही विचार करावा लागतो, नाहीतर पुढे एक आणि मागे दुसऱ्या मापाची चाकं. सहा सिलिंडरची जुनी मस्टँग असेल तर चारच स्टड आणि स्पिंडलही लहान, तिच्यावर व्ही-८ वाल्याचा रोटर बसवायचा विचार करू नका, स्पिंडलसकट बदला.

रोटरची चार मापं घ्या: बाहेरचा व्यास, जाडी, एकूण उंची, आणि मधल्या भोकाचा व्यास. उंची बहुतेक जण विसरतात, आणि उंचीत ३-४ एमएमचा फरक पडला की रोटर कॅलिपरच्या मध्यावर येत नाही, एका बाजूला घासतो. जाडी मोजताना व्हर्नियर कडेच्या गंजलेल्या ओठावर न ठेवता आत घाला, नाहीतर झिजलेला रोटरही जाड दिसेल. पुष्कळ रोटरवर कमीत कमी जाडीचा आकडा ओतलेला असतो. कॉर्वेटचा पुढचा रोटर नवा १.२५ इंच, म्हणजे ३१.७५ एमएम, आणि १.२१५ इंचाच्या खाली गेला की टाकायचा. बघा, एक एमएमपेक्षाही कमी झीज चालते, लेथवाल्याला द्यायच्या आधी हा हिशोब करा. कॉर्वेटचे मूळ रोटर हबला रिव्हेटने जोडलेले असतात आणि जोडलेल्या अवस्थेत मशीन केलेले असतात. रिव्हेट काढून नवीन रोटर नुसता स्टडवर अडकवला की डायल गेज लावून डुलतोय का ते बघायलाच हवं, कारण फिक्स कॅलिपरमध्ये डुलणारा रोटर पिस्टनला मागे-पुढे हलवतो आणि सीलमधून हवा आत ओढली जाते. मग माणूस ब्लीडिंग (पाइपांतली हवा काढणं) करून करून थकतो आणि मास्टर सिलिंडर बदलतो, दोष मात्र रोटरमध्ये असतो.

पॅडसाठी एफएमएसआयचा नंबर शोधा. अमेरिकेत पॅडच्या आकाराला हा नंबर असतो आणि कंपनी कुठलीही असो, नंबर तोच. कॉर्वेट १९६५ ते ८२ चा डी८. जनरल मोटर्सच्या १९६९ नंतरच्या मोठ्या एक पिस्टन कॅलिपरचा डी५२. १९७८ नंतरच्या मध्यम आकाराच्या गाड्यांच्या लहान कॅलिपरचा डी१५४. जुन्या पॅडच्या पत्र्यावर नंबर वाचता येत नसेल तर पॅड कागदावर ठेवून पेन्सिलीने बाहेरची रेघ मारा, भोकं, कान, सगळं, आणि ती आकृती कॅटलॉगच्या चित्राशी जुळवा. पॅडच्या कडेवर दोन अक्षरंही असतात, ईई, एफएफ अशी, ती पकडीची, पहिलं साधारण तापमानाला आणि दुसरं गरम झाल्यावर. घाटात जाणाऱ्याने दुसरं अक्षर ई असलेलं घेऊ नये, एफ घ्यावं.

डी५२ आणि डी१५४ वाले कॅलिपर लांबून सारखेच दिसतात, पण पिस्टन मोजा. मोठ्याचा २ पूर्णांक १५/१६ इंच, ७४.६ एमएम. लहानाचा २.५ इंच, ६३.५ एमएम. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर मोठ्याला तेवढ्याच हालचालीसाठी ३८ टक्के जास्त ऑइल लागतं. आता मास्टर सिलिंडर लहान कॅलिपरसाठी निवडलेला असेल तर पेडल तळाशी जाणार. उलट मास्टरचा बोअर १ इंचावरून १ पूर्णांक १/८ इंच केला तर पेडल टणक होतं पण त्याच ताकदीला प्रेशर सुमारे २१ टक्के कमी मिळतं. म्हणून कॅलिपर आणि मास्टर नेहमी जोडीने ठरवा.

कॅलिपर डावा की उजवा ते ब्लीडिंग निप्पलवरून ओळखायचं. बसवल्यावर निप्पल वर आला पाहिजे. खाली आला तर डावा-उजवा उलटा झालाय, बोल्ट सगळे बसतील, पण हवा कधीच बाहेर येणार नाही.

आता आटे, आणि हे नीट वाचा. अमेरिकन ब्रेक पाइपचा लहान नट बहुतेकदा ३/८ इंच, इंचाला २४ आटे. आपल्याकडच्या गाड्यांचा एम१० बाय १. एक ९.५ एमएमचा, दुसरा १० एमएमचा, आट्यांचं अंतर १.०६ आणि १.०, म्हणजे इंची नट मेट्रिक भोकात सैल का होईना पण जातो, थोडा आवळलाही जातो, आणि जोरात ब्रेक मारला की आटे सोलून बाहेर येतो. आटे गेज लावून बघितल्याशिवाय एकही जोड करू नका. पाइपच्या टोकाचा आकारही बघा, अमेरिकन गाडीला दुमडून केलेला ४५ अंशाचा डबल फ्लेअर लागतो, आपल्याकडे पुष्कळ गाड्यांना फुग्यासारखा असतो, दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. बॅन्जो बोल्ट (कॅलिपरला होज, म्हणजे रबरी पाइप, जोडणारा पोकळ बोल्ट) जनरल मोटर्सच्या जुन्या मोठ्या कॅलिपरला ७/१६ इंच २० आटे, नंतरच्या लहानाला एम१० बाय १.५. होज मागवताना कॅलिपरकडचं टोक आणि चासीकडचं टोक दोन्ही लिहून द्या. एसीवाल्याकडची तांब्याची नळी ब्रेकला अजिबात वापरू नका, ती कंपनाने तडकते. स्टीलचा पाइप घ्या, किंवा कॉपर-निकेल मिळाला तर उत्तम, कळंगुट-मिरामारच्या खाऱ्या हवेत स्टील लवकर सडतं.

रबराचं तसंच. वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये हायड्रॉलिकवाल्यांकडे हव्या त्या मापाची ओ-रिंग मिळते, पण ती बहुतेक नायट्राइल रबराची असते, आणि नायट्राइल ब्रेक ऑइलमध्ये फुगतं. ब्रेकला ईपीडीएम लागतं. त्यात बहुतेक कॅलिपरची सील गोल नसून चौकोनी छेदाची असते, तिच्या पिळामुळेच पिस्टन किंचित मागे येतो, गोल रिंग घातली तर ब्रेक चिकटून राहतो. सील, पिस्टन आणि धुळीचं बूट मापानुसार अमेरिकेतूनच मागवा, वजन नाही, पोस्टाने येतं. कॅलिपर मात्र जुनाच दुरुस्त करणं परवडतं, कारण तिकडचे विक्रेते नव्यासोबत जुन्या कॅलिपरचं डिपॉझिट लावतात आणि गोव्यातून जुना परत पाठवायचा खर्च त्याहून जास्त होतो. बोअरला खड्डे पडले असतील, कॉर्वेटला हमखास पडतात, तर स्टेनलेस स्लीव्ह घालून घ्या, बेळगावला असं बारीक मशीनिंग करणारे आहेत.

मास्टरकडे आलात की बघा एकच टाकी आहे की दोन. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून दोन सर्किटचा मास्टर सर्वत्र आला, त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना एकच, म्हणजे एक होज फुटला की चारही ब्रेक गेले. डिस्क बसवताना दोन टाक्यांचा मास्टर घालाच. डिस्कची टाकी मोठी असते कारण पॅड झिजतील तसं ऑइल कॅलिपरमध्ये साठत जातं. ड्रमच्या जुन्या मास्टरमध्ये साधारण १० पीएसआय इतकं प्रेशर अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड सतत घासणार. पण जीपसारखा किंवा जुन्या डॉजसारखा मास्टर पायाखाली चासीवर असेल, कॅलिपरच्या खालच्या पातळीवर, तर डिस्कला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर ऑइल परत उतरतं. मागच्या ड्रमचं प्रेशर आवरायला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह पाहिजे, ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी फिरते.

बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पेडलला जोर देणारा डबा, घेताना इंजिनाचा विचार करा. आपल्याकडे कितीतरी जुन्या गाड्यांत डिझेल बसलंय, आणि डिझेल इंजिन पेट्रोलसारखं व्हॅक्यूम तयार करत नाही, मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर लागतो. बूस्टरशिवाय चालवायचं असेल तर पेडलचं गुणोत्तर ६ ला १ च्या आसपास हवं, बूस्टरला ४ ला १ चालतं. मास्टरच्या मागचं भोकही बघा, बिनबूस्टरवाल्याला खोल असतं आणि बूस्टरवाल्याला उथळ. उथळ भोकात साधा पुशरॉड (पेडलकडून येणारा दांडा) लावला तर तो निसटू शकतो. शिवाय आपल्या बऱ्याच गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या, तयार वाकवलेले पाइपचे सेट डाव्या स्टिअरिंगसाठी असतात, ते घेऊन उपयोग नाही, सरळ पाइप घेऊन इथेच वाकवा.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४. गोव्याच्या दमट हवेत ते पाणी ओढतं, म्हणून दर दोन पावसाळ्यांनी तरी बदला. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते ह्यात मिसळायचं नाही, डॉट ५.१ मात्र ह्याच जातीचं आहे, नाव सारखं दिसतं म्हणून फसू नका.

पार्ट आले की रंगवायच्या, ऑइल भरायच्या आधी सगळं कोरडं जोडून बघा. रोटर हाताने पूर्ण फिरवा, चाक चढवा आणि कॅलिपर रिमला लागत नाही ना बघा, ड्रमच्या काळातल्या १४ इंची रिममध्ये डिस्कचा कॅलिपर बऱ्याचदा मावत नाही. स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून होज ताणला जात नाही, टायरला लागत नाही ना बघा, गाडी जॅकवरून उतरवून वजन आल्यावर पुन्हा बघा. मग ऑइल भरून ब्लीडिंग, पेडल जोरात दाबून एक मिनिट धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवायचा. एकही थेंब दिसला तर गाडी फाटकाबाहेर काढायची नाही.